रुमालाखालची इच्छा

जो ओरडतो त्याचा माल खपतो, असं बाजारात सगळेच सांगतात. करंजवाडीच्या बुधवारच्या बाजाराची रीत मात्र निराळी. ती कशी पडली, ते ऐका.

तिथं सुंदरा नावाची गरीब फुलवाली होती. तिची इवलीशी लेक बकुळा. बकुळा बोलत नसे, कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. फुलं मात्र अशी मांडी, आधी पिवळी, मग केशरी, मग लालचुटूक, की जमिनीवर इंद्रधनुष्यच उतरावं! शिकलेली माणसं अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. सुंदरा म्हणायची, "माझ्या लेकीला जग जरा मोठ्यानं ऐकू येतं."

बाजारात आरोळ्या सुरू झाल्या, पितळ ठणठणलं, की बकुळा कान दाबून रडे. भांडीवाले नारोशेट एकदा वैतागून म्हणाले, "सुंदराबाई, हिला घरी ठेवत जा. गिऱ्हाईक बिचकतं."

घरी ठेवणार कुणाजवळ? मायलेकी कडेला, बैलबाजाराशेजारी बसू लागल्या. तिथं फुलं कोण घेणार? टोपली भरलेली परत येई, चूल थंड राही.

बकुळाला मात्र बैलबाजार आवडे. तिथं सौदा न बोलता व्हायचा. दोघांच्या हातांवर रुमाल, आत बोटांनी भाव. पटला नाही तर हात मागे, पटला तर बोट घट्ट.

एका पहाटे मळ्यात आई पलीकडच्या वाफ्यात फुलं खुडत होती, तेव्हा बकुळाला बोरीच्या कुंपणात काहीतरी चमचमताना दिसलं. परी अडकली होती! बकुळाएवढीच, मोरपिशी पंखांची. ओढलं असतं तर पंख फाटले असते. बकुळानं एकेक काटा अलगद सोडवला आणि सगळे काटे रांगेत मांडून ठेवले.

परी हसली. "माग काय हवं ते. पण नियम आहे हं. दव वाळायच्या आत, माझ्या डोळ्यांत बघून, मोठ्यानं मागायचं."

बकुळा मातीकडेच बघत राहिली. पाकळ्यांवरचे मोती एकेक विझू लागले. मग तिनं फुलांवरचं ओलं फडकं परीच्या हातावर टाकलं आणि आपला हात आत घातला.

परीला मोठं नवल वाटलं. हा कुठला नियम? पण तिनं करून पाहिलं. "तुला सगळ्यांसारखी बोलकी करू?"

बकुळानं हात मागे घेतला.

"सोन्याच्या तोरड्या देऊ?"

पुन्हा हात मागे.

मग बकुळानं परीचा गारगार तळवा आपल्या कानावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं आईची टोपली जवळ ओढली.

"आईजवळ बसायला शांत बाजार हवा?"

बकुळानं तिचं बोट घट्ट दाबलं.

"पटला सौदा," परी म्हणाली. "पण जादू एकाच बाजारापुरती. पुढचं माणसांनी बघायचं."

त्या बुधवारी भाजीवाल्यानं आरोळीसाठी तोंड उघडलं, तर आवाजाऐवजी पिवळं फुलपाखरू बाहेर आलं! नारोशेटचं पातेलं वाजलं, तर निळं. माणसं खुणांनी बोलू लागली, रुमालाखाली भाव करू लागली, हसू लागली. आरोळ्या नाहीत म्हणून मायलेकी कडेवरून मधोमध येऊन बसल्या होत्या, आणि समोर बकुळाचं इंद्रधनुष्य होतं. ते आज सगळ्यांना दिसलं. दुपारच्या आत टोपली रिकामी.

पुढच्या बुधवारी जादू नव्हती. सुंदरा आपली कडेला निघाली. तेवढ्यात नारोशेटनी पितळी भांड्यांवर गोधडी पांघरली, भाजीवाल्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं, आणि सुंदराची टोपली उचलून स्वतःच्या दुकानाशेजारी आणली. मग बकुळासमोर उकिडवे बसले, हातावर रुमाल टाकला आणि नुसते थांबले.

बकुळानं वर पाहिलं नाही. पण तिचा चिमुकला हात रुमालाखाली गेला आणि तिनं शेटजींचं बोट घट्ट दाबलं.

पिंपळाच्या शेंड्यावरून परी बघत होती. ती सोनेरी उजेड झाली आणि पानापानांत विरून गेली. करंजवाडीत बुधवारी पहिला सौदा आजही रुमालाखाली होतो. आरोळ्या त्यानंतर, त्याही बेतानं.