टेकडीवरच्या सात खोल्या

फार पूर्वी दूरच्या समुद्रात एक लहानसं बेट होतं. बेटावर एक टेकडी होती आणि त्या टेकडीवरच शाळा होती. पहिलीची खोली पायथ्याशी, दुसरीची तिच्या थोडी वर, आणि सातवीची पार माथ्याजवळ. मूल वरच्या वर्गात गेलं की त्याचं बस्कर आईबापांनी स्वतः उचलून वरच्या खोलीत नेऊन अंथरायचं, अशी तिथली रीत होती. त्या दिवशी ढोल वाजायचे, नारळाच्या वड्या वाटल्या जायच्या. बेटावरच्या लोकांना या दिवसाची फार हौस.

त्या बेटावर एक नाखवा राहायचा. त्याच्या मालकीची मोठी होडी होती, आणि शेवंती नावाची एकुलती एक मुलगी होती. पहिलीचं वर्ष संपलं तेव्हा पहिलीचे म्हातारे गुरुजी नाखव्याला म्हणाले, "शेवंतीला अजून अक्षरं लागत नाहीत. एक वर्ष माझ्याकडेच राहू द्या. आणि संध्याकाळी घटकाभर तुम्ही तिच्याजवळ बसा."

नाखव्याचा चेहरा उतरला. "तिच्या मैत्रिणी वर जाणार आणि ही खाली बसणार? लोक काय म्हणतील, गुरुजी? आणि शिकवायचं काम तुमचं. मी दिवसभर समुद्रावर असतो."

गुरुजी एकदा नाही म्हणाले, दुसऱ्यांदाही नाही म्हणाले. तिसऱ्यांदा नाखवा चार माणसं घेऊन आला, तेव्हा ते दारातून बाजूला झाले. नाखव्याने बस्कर खांद्यावर टाकलं आणि ढोल वाजले. पुढच्या वर्षी दुसरीच्या गुरुजींनी विचार केला, की पहिलीच्यांनी सोडलं तर मी कशाला वाईट होऊ? तिसरीच्यांनीही तोच विचार केला. शेवंतीचं बस्कर असं दर वर्षी टेकडी चढत गेलं. अक्षरं मात्र पायथ्याशीच राहिली, आणि याचं कुणाला काही वाटलं नाही, याचंच मला वाईट वाटतं.

शेवंती मूर्ख नव्हती. तिच्या शेजारी मैना बसायची. मैना वाचायची, शेवंती ऐकायची आणि तेच धडाधडा म्हणून दाखवायची. घरी नाखवा "शाबास" म्हणायचा आणि जाळं विणायला बसायचा.

सातवी झालेल्या मुलांना बेटाची कामं मिळत. शेवंतीला माथ्यावरच्या बावट्याचं काम मिळालं. पलीकडच्या मोठ्या बेटावर वाऱ्याची जाण असलेला एक म्हातारा होता. तो रोज पहाटे कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून पाठवायचा. चिठ्ठी वाचून पांढरा बावटा लावला की होड्या निघत, तांबडा लावला की थांबत. नाखव्याची छाती अभिमानाने फुगली. मैना रोज सकाळी वर जायची आणि शेवंतीला हळूच चिठ्ठी वाचून दाखवायची. असं वर्षभर चाललं.

एक दिवस मैना मामाकडे गेली होती. कबुतर आलं. शेवंतीने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि मुठीत धरून टेकडी उतरली. पायथ्याशी म्हातारे गुरुजी खोली झाडत होते. ती दारात उभी राहिली.

"काय गं पोरी, काही हवंय का?" गुरुजींनी विचारलं.

सातवी झालेल्या मुलीने पहिलीच्या गुरुजींकडून चिठ्ठी वाचून घ्यायची, म्हणजे सगळं उघडं पडणार. बाबांना कळणार.

"काही नाही, गुरुजी," ती म्हणाली आणि परत वर गेली.

आभाळ स्वच्छ होतं. खाली किनाऱ्यावर नाखवा वर बघत उभा होता. शेवंतीने पांढरा बावटा चढवला. बापाने तिच्याकडे बघून हात हलवला आणि होडी पाण्यात लोटली.

दुपारी वादळ आलं.

सहा होड्या गेल्या होत्या, पाच परतल्या. नाखवा परतला, पण मैनाचे वडील परतले नाहीत.

शेवंतीने रडत रडत सगळं सांगितलं. नाखवा तडक गुरुजींकडे गेला. "सात वर्षं पोर शाळेत होती. काय शिकवलंत तिला?"

गुरुजी म्हणाले, "मी दारातून बाजूला झालो, तिथेच चुकलो. ते आता मरेपर्यंत माझ्याबरोबर राहील. पण नाखवा, या सात वर्षांत एकदा तरी तिच्या हातात कागद देऊन म्हणालात का, की बाळ, हे मला वाचून दाखव?"

नाखव्याला दर वर्षीचे ढोल आठवले. तसा एकही दिवस आठवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने माथ्याजवळच्या खोलीत अजून पडून असलेलं शेवंतीचं बस्कर उचललं आणि टेकडी उतरला. या वेळी ढोल नव्हते. लोक दारात उभे राहून बघत होते, आणि तो कुणाकडेही न बघता चालत होता. बस्कर त्याने पहिलीच्या खोलीत अंथरलं. रोज संध्याकाळी तो तिथेच लेकीजवळ बसू लागला.

पावसाळा सरला तेव्हा एका संध्याकाळी शेवंतीने जपून ठेवलेली ती चिठ्ठी काढली. अक्षराखाली बोट ठेवत, अडखळत, तिने आयुष्यातली पहिली अख्खी ओळ कुणाच्याही मदतीशिवाय वाचली.

"आज होड्या सोडू नका."

नाखव्याने सवयीने शाबास म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

तात्पर्य: मुलाला वरच्या वर्गात बसवणं सोपं असतं. त्याला खरंच काय येतं, हे वेळेवर विचारणं आईबापाचंही काम आहे आणि गुरुजींचंही. उशिरा विचारलं, तर त्याची किंमत कधीकधी तिसऱ्याच घराला मोजावी लागते.