कळकलेल्या हंड्यातली घरं

एका राज्यात दारांना कान होते. घराबाहेर पडणारा माणूस काय म्हणून पडतो, तेवढंच ती ऐकत. घरातल्या भांडणांशी आणि लाडाकोडांशी त्यांना कर्तव्य नव्हतं. निघणारा "येतो" म्हणाला, की दार निश्चिंत. पण चुकून "जातो" म्हणाला, की पाठीमागे घर नाहीसं. भिंती नाहीत, छप्पर नाही, खुंटीवरचा सदरासुद्धा नाही.

हा शाप धूम्रकेश मांत्रिकाचा. अकरा वर्षांपूर्वी तो राजवाड्यात पाहुणा म्हणून जेवायला आला होता. वाड्यातल्या मोठ्या पितळी हंड्याला दोन वर्षं कल्हई नव्हती आणि नेमकी त्याच हंड्यात कढी केलेली. बिनकल्हईच्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, हिरवं पडतं, विषासमान होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. राजाच्या आचाऱ्यांना नव्हतं. मांत्रिक तीन दिवस ओकत होता. चौथ्या दिवशी तो उठला आणि उंबऱ्यात उभं राहून कुणीही शहाणा माणूस जे म्हणत नाही ते म्हणाला: "जातो." राजाने त्याला थांबवलं नाही. तेव्हा मांत्रिकाने मंत्र टाकून तो हंडा उचलला आणि शाप दिला, की यापुढे जातो म्हणून निघणाऱ्याचं घर या हंड्याच्या आत चिकटून कळकत पडेल. नऊ दिवसांत ते सुटलं नाही, तर नवव्या दिवशी सूर्य मावळताना त्या माणसाचं नाव सगळ्यांच्या तोंडून पुसलं जाईल, त्याच्या स्वतःच्याही.

तेव्हापासून लोक फार जपून निघत. तरी माणूसच ते, केव्हातरी चुकायचंच.

त्या राज्यात भिवरा नावाची कल्हई करणारी बाई होती. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दीड खोलीचं घर, पाठीवर भाता, झोळीत कथील आणि नवसागर, एवढा तिचा संसार; आणि हाताला असं कसब, की तिने घासलेल्या पातेल्यात बघून बायका कुंकू लावत. एके सकाळी सांडशी सापडेना, ती शोधायला वळली तर दूध उतू गेलं, दूध पुसायला गेली तर पदर चुलीत. भिवरेचं डोकं फिरलं. सामान उचलून ती तरातरा निघाली आणि उंबऱ्यावर म्हणाली, "खड्ड्यात गेलं सगळं. जाते मी."

दहा पावलांवर तिच्या लक्षात आलं. वळून पाहते तो दोन घरांच्या मध्ये पडलेल्या दातासारखी मोकळी जागा, आणि त्या जागेत एक कोंबडी निवांत दाणे टिपते आहे.

पहिला दिवस तिने नुसतं त्या जागेकडे पाहण्यात घालवला. मग मात्र भिवरेने मोठी हुशारी केली, आणि इथेच ती चुकली. घराला चुना लावायला काढलाय, असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. देवळाच्या ओवरीत निजायचं, पण रोज वेगळ्या देवळाच्या, म्हणजे पुजाऱ्याला संशय येऊ नये. पहाटे नदीवर आंघोळ, एकच लुगडं, अर्धं अंगावर आणि अर्धं हातात धरून वाळवायचं. झोळी उशाला घ्यायची तर झोप येत नाही आणि दूर ठेवायची तर धीर होत नाही. आणि दिवसभर पारावर बसून हसतमुखाने लोकांची भांडी घासायची. "चुना अजून वाळला नाही का?" असं कुणी विचारलं, की "दमट हवा ना," म्हणायचं. घर जाण्याच्या दुःखापेक्षा ते कळेल याचीच तिला जास्त लाज. असे सहा दिवस गेले.

सातव्या दिवशी नेहमीच्या गिऱ्हाईक बाईने तिच्याकडे पाहिलं, क्षणभर कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, "तू नवीन आहेस का गं इथे?" तिचं नाव पुसायला लागलं होतं.

ती तडक नदीकाठी गेली आणि वाळूत बसून ढसाढसा रडली. शेजारी उघड्या वाळूवर एक टिटवी अंडी उबवत होती.

"रडून झालं का?" टिटवी म्हणाली. "मी जन्मभर घराशिवाय राहते. त्यात लाजण्यासारखं मला काही दिसलं नाही."

"तुला सवय आहे," भिवरा म्हणाली. "मला माझं घर हवं."

"मग ऐक. ओसाड माळापलीकडे टेकडी आहे. ज्याला घर आहे त्याला ती दिसत नाही, आणि ज्याचं नाव पुसलं त्याला तिच्यावर काय करायचं ते सुचत नाही. तुझ्याजवळ अजून दोन दिवस आहेत आणि हातात कला आहे. तीन कामं कर. पेटत्या चुलीतला विस्तव आण, पण खरं सांगून मागितलेला. भाता हलवायला ज्याचं नाव पुसलंय असा माणूस आण. आणि सूर्य मावळायच्या आत हंड्याला कल्हई कर."

भिवरा ताडकन उठली. कल्हई! सगळं राज्य अकरा वर्षं नशिबाला बोल लावत बसलं होतं आणि दुखणं होतं बिनकल्हईच्या भांड्याचं! तिने पदर खोचला आणि गावाकडे धाव घेतली.

पहिल्या घरच्या बाईने तिला पाहिलंच नाही. तिच्या अंगावरूनच अंगणात पाणी फेकून ती आत गेली. दुसऱ्या घरी भिवरेने पुन्हा चुन्याचीच गोष्ट सांगितली. त्या भल्या बाईने खापरात निखारे दिले, पण फाटकाबाहेर पडताच ते काळे ठिक्कर झाले. तिसरं घर आवडाईचं, तिच्या लहानपणापासूनच्या मैत्रिणीचं. तिथे जायला तर पाय सर्वांत जड झाले होते.

आवडाई चुलीपुढे होती. दाराशी उभी राहून भिवरा म्हणाली, "आवडे, मी भिवरा. माझं घर गेलं. मी जाते म्हटलं आणि घर गेलं. मला विस्तव दे."

आवडाईच्या हातातली भाकरी तव्यावर पडली. "किती दिवस झाले?"

"सात."

"सात दिवस ओवरीत निजलीस आणि मला चुन्याच्या थापा मारल्यास? माझ्या घरी काय जमीन नव्हती तुला पडायला?" आवडाईच्या डोळ्यांतून रागाने पाणी वाहत होतं. तिने खापर शिगोशीग भरलं, गरम भाकरी बांधून दिली आणि वेशीपर्यंत सोबत आली. सगळ्या वाटेत ती भिवरेला बोलत होती, आणि भिवरेला कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. निखारे लालबुंद राहिले ते राहिलेच.

त्यांना राखेखाली जपत भिवरा दीड दिवस चालली. नवव्या दिवशी दुपारी माळ लागला. शापाने घर गेलेली दीडदोनशे माणसं तिथे दगडांच्या आडोशाने बसलेली होती. कुणालाच आपलं नाव ठाऊक नव्हतं. मी भिवरा, कल्हई करते, माझा भाता कोण हलवील, असं तिने विचारलं. शेवटी पांढऱ्या दाढीचा, मळक्या धोतराचा एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "मी येतो. मला काम कुठलंच येत नाही असं वाटतं, पण शिकेन."

टेकडीवर हंडा आडवा पडलेला होता, घरं गिळून फुगलेला, आत बैलगाडी सहज वळेल एवढा. आतून हिरवा कच्च, आणि त्या हिरव्यात डागासारखी चिकटलेली घरं. पहिली गेलेली तळाशी, शेवटची काठाशी. आणि अगदी तोंडाजवळ, हाताच्या अंतरावर, भिवरेचं दीड खोलीचं घर. खुंटीवरची गोधडीही दिसत होती.

हंड्याच्या सावलीत धूम्रकेश बसला होता. तो म्हणाला, "बाई, तुझं घर हाताशी आहे. एक बोळा फिरव आणि सुखाने जा. मी अडवणार नाही."

भिवरेने सूर्याकडे पाहिलं. तो कलला होता. मग हंड्याकडे पाहिलं. "आधी काठ केला, तर तळ तापवताना काठाची कल्हई वितळून खाली येते," ती म्हणाली. "काम तळापासून करायचं असतं. अर्धं भांडं मी आजवर कुणाला दिलं नाही."

आणि जाळ पेटला! म्हाताऱ्याने भाता हलवला, ज्वाळा हंड्याच्या बुडाला भिडल्या, भिवरेने मुठीने नवसागर उधळला आणि पांढऱ्या धुराचे लोट उठले. लांब वेळूच्या टोकाला कापसाचा बोळा बांधून तिने तळावर कथील फिरवलं. हिरवं फाटलं, खालून चांदीसारखा लखलखाट उमटला, आणि तळाचा पहिला डाग सुटून ठिणगीसारखा वर उडाला. आभाळात तो वाढत गेला, त्याला बुरूज फुटले, सज्जे फुटले, आणि सगळा राजवाडा सावकाश राजधानीच्या दिशेने निघून गेला.

म्हाताऱ्याचा हात थबकला. "मी धवलसेन," तो म्हणाला. "मी इथला राजा आहे. शिकारीला जातो म्हणून निघालो होतो." अकरा वर्षं राज्याला राजा नव्हता आणि प्रधानापासून पहारेकऱ्यापर्यंत कुणाला त्याची उणीव भासली नव्हती. आता तिकडे सिंहासन वाट पाहत होतं. राजाने राजधानीकडे पाहिलं, मग जाळाकडे पाहिलं.

"भाता सोडू नका, महाराज," भिवरा म्हणाली. "जाळ बसला तर सगळं गेलं."

"हा हंडा माझ्या घरचा आहे," राजा म्हणाला. "मी कुठेही जात नाही."

मग काय विचारता! ठिणग्यांमागून ठिणग्या उडू लागल्या. कौलारू घरं, झोपड्या, एक तेलघाणा, एका बाईने नुकतंच सारवलेलं अंगण, सगळं आभाळातून आपापल्या गावी चाललं. खाली माळावर एकेकाला नाव आठवू लागलं. "मी सटवाजी!" "मी गिरजा!" जो तो आपलं नाव ओरडत, हसत, रडत, आपल्या घरामागे धावत सुटला. माळ रिकामा होत चालला.

सूर्य टेकला तेव्हा काठ तेवढा उरला होता. भिवरेचे हात पोळले होते, डोळे धुराने लाल झाले होते. आणि एकाएकी तिचे हात थांबले. समोर एक घर होतं, पण ते कुणाचं? आणि आपण कोण? काही केल्या आठवेना.

"भिवरा!" राजा भाता दाबून म्हणाला. तोंडात असलेलं नाव पुसता येत नाही हे त्याच्या ध्यानात आलं होतं. "भिवरा! भिवरा! भिवरा!" भात्याच्या प्रत्येक दाबासरशी तो म्हणत राहिला, श्वास लागला, आवाज बसला, तरी म्हणत राहिला. भिवरेने पुन्हा कापूस धरला. ते नाव आपलं की परकं हे तिला कळत नव्हतं, पण ज्या बाईला कुणी इतक्या हाका मारतं तिचं घर हंड्यात राहू द्यायचं नाही, एवढं तिला कळलं. तिने सगळा जोर लावून बोळा फिरवला. सूर्याची शेवटची कड बुडायला आणि गोधडीसकट ते घर आभाळात उडायला एकच गाठ पडली.

"भिवरा," ती म्हणाली. "भिवरा म्हणजे मी."

हंडा गार झाल्यावर राजाने माळावरच्या गुराख्याकडून ताक आणलं, हंड्यात ओतलं, आणि वाटी भरून दोन्ही हातांनी मांत्रिकापुढे धरली. "त्या दिवशी तुम्हाला थांबवायला हवं होतं," तो म्हणाला. "चुकलो." धूम्रकेशाने वास घेतला, एक घोट घेतला, मग सगळी वाटी संपवली. ताक गोड होतं, जराही कळकलं नव्हतं. राज्यातल्या सगळ्या दारांचे कान त्या क्षणी मिटले.

राजाने भिवरेला सात चौकांचा वाडा देऊ केला. ती म्हणाली, की वाडा नको. माळावर एक पडवी बांधा. पाणी असू द्या, आंघोळीला आडोसा असू द्या, आणि आत येणाऱ्याला काय झालं म्हणून कुणी विचारू नये.

"शाप तर संपला," राजा म्हणाला. "आता कोण येणार तिथे?"

"घरं शापाशिवायही जातात, महाराज. आगीत जातात, पुरात जातात, भाऊबंदकीत जातात."

राजा अकरा वर्षं त्या माळावर बसला होता. त्याला जास्त सांगावं लागलं नाही. पडवी पुरी झाली आणि तिच्या उद्घाटनाला भाषण झालं नाही.

भिवरा मात्र त्याआधीच घरी पोचली होती. वाटेवर आवडाई भेटली, शेजारणी जमल्या, सगळ्यांना सगळं ऐकायचं होतं. उद्या सांगते, असं म्हणून ती आत गेली. तिने दार लोटलं, आतून कडी लावली आणि झोळी जिथे पडेल तिथे टाकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सामानाकडे पाठ करून, पाय लांब पसरून, ती जमिनीवर आडवी झाली.

ज्याचं गेलं त्याचं परत येवो, आणि ज्याचं आहे त्याच्या दारात कुणी खरं सांगत उभं राहिलं, तर त्याला विस्तव मिळो.