चार पायांचे पत्रे

एक गाव होतं डोंगरावर, आणि त्याची नदी होती खाली दरीत. गावात कितीही खणलं तरी विहिरीला पाणी लागत नसे. म्हणून नदीकाठी एक इंजिन बसवलं होतं, इंजिनाला जोडून पंप, आणि तो पंप पाणी ढकलायचा थेट वरच्या हौदात. हौद भरला की गावात चुली पेटायच्या.

हे यंत्र एक मिस्त्री सांभाळायचा. हात सोन्याचा, पण कौतुकाचा भुकेला. कौतुक गुळासारखं असतं. गोड लागतं खरं, पण ठेवलं की मुंग्या आल्याच.

इंजिनाचा दांडा आणि पंपाचा दांडा समोरासमोर येऊन मधल्या कपलिंगमध्ये एकमेकांना धरायचे. दोन्ही अगदी एका रेषेत हवेत. तराजूची दांडी कलली तर गिऱ्हाईक लगेच बोंब मारतं. हे दांडे बोलत नाहीत, आतल्या आत झिजतात. इंजिनाचा चौथरा होता उंचसखल. म्हणून जुन्या मिस्त्रीने चार पायांखाली पितळेचे पातळ पत्रे सारून रेषा साधली होती. कुठे दोन, कुठे चार, कुठे पाच, आणि एका पायाखाली तर नऊ.

दर खंडेनवमीला यंत्राची पूजा व्हायची. त्या वर्षी पाटलांनी फर्मावलं, "इंजिन उचला आणि तळापासून धुवा. देवाला अर्धी आंघोळ घालतात का?" पत्रेही निघाले, चिंचेने घासले, लखलखले. परत बसवताना मात्र मिस्त्री थबकला. कुठल्या पायाचे किती, हे त्याने लिहूनच ठेवलं नव्हतं.

"अहो, मुहूर्त टळतोय!" पाटील म्हणाले. "द्या की चौघांना सारखे वाटून. सख्ख्या भावांत कमीजास्त कशाला?"

लोक हसले. मिस्त्रीही हसला आणि प्रत्येक पायाखाली मोजून पाच पत्रे सारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने कपलिंगवर सरळ पट्टी धरून पाहिली. पट्टी एका अंगाला टेकली, दुसऱ्या अंगाला तिच्याखाली नख शिरलं. सगळं सोडून, एकेक पत्रा बदलत रेषा जुळवायची तर तीन दिवस हवेत. तीन दिवस हौद कोरडा, आणि गावभर एकच प्रश्न: चूक कुणाची?

"काय मिस्त्री, ठीक ना सगळं?" पाटलांनी विचारलं.

"एकदम ठीक."

गाव त्याच वेळी संपलं. बाकीचं फक्त घडायचं राहिलं होतं.

पंधरा दिवसांत दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग तापू लागलं. मिस्त्रीने ग्रीस भरलं. महिन्याने ते बेअरिंग गेलं. त्याने अर्ध्या दिवसात नवं बसवलं. गावाने शाल-नारळ देऊन सत्कार केला. "हा आहे म्हणून पाणी आहे!" पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, पुन्हा सत्कार. कपलिंगमधलं रबर झिजून त्याची काळी पूड खाली साचायची, ती तो कुणी यायच्या आत झाडून टाकायचा. दर खेपेला वाटायचं, आता सांगून टाकावं. पण दर खेपेला सांगणं आणखी जड झालेलं असायचं.

नदीवर धुणं घेऊन येणारी एक म्हातारी एकदा म्हणाली, "मिस्त्री, तुझं यंत्र कण्हतंय रे बाबा."

"आजी, लोखंड कुठं कण्हतं होय?"

"सहा बाळंतपणं काढलीत मी. कण्हणं मला नको शिकवूस."

त्या दिवशी तो पाटलांच्या दारापर्यंत गेला. आत पाटील पाहुण्यांना सांगत होते, "आमच्या मिस्त्रीला तोड नाही हो." तो उंबऱ्यावरूनच मागे फिरला.

ऐन वैशाखात पंपाचा दांडा तुटला आणि पंपालाच फोडून बाहेर आला. नवा पंप शहरातून यायला महिना लागणार होता. लोक हंडे घेऊन दरी चढू उतरू लागले. आठवडाभर तरण्यांनी निभावलं. मग गुरं पडू लागली. एका दुपारी ती म्हातारी चढणीवर घागर टेकून बसली, ती पुन्हा उठली नाही. दुसऱ्या दिवसापासून घरांना कुलपं लागू लागली. पेरणीआधी कुठेतरी बस्तान बसवायला हवं, म्हणून ज्याला जिथे पाणी दिसलं तिथे तो गेला.

पाटील सगळ्यांत शेवटी निघाले. मिस्त्री त्यांच्या बैलगाडीला आडवा आला.

"पाटील, चूक माझी होती. नवमीच्या दुसऱ्याच दिवशी मला दिसलं होतं."

पाटलांनी कासरा ओढून धरला. "तेव्हा किती दिवस लागले असते?"

"तीन."

"सांगितलं असतंस तर मी चिडलो असतो," पाटील म्हणाले. "चिडलो असतो, एवढंच ना रे?" आणि त्यांनी गाडी हाकली.

महिना भरला तसा पंप आला. मिस्त्री एकटाच राहिला होता. पहिल्या दिवशी त्याने पंप बसवला आणि पुढचे तीन दिवस पत्रे काढत, घालत, मोजत राहिला. शेवटी पट्टी फिरवली तेव्हा तिच्याखाली कुठेही केससुद्धा शिरेना. त्याने इंजिन चालू केलं. हूं नाही की चूं नाही, इतकं सुरेख ते कधीच चाललं नव्हतं.

तो धापा टाकत वर गेला. हौद काठोकाठ भरला होता. पाणी काठावरून सांडून, बंद दारांपुढून, उतारानं वाहत चाललं होतं. तो थोडा वेळ तिथे उभा राहिला. मग दरीत उतरला आणि त्याने इंजिन बंद केलं.

तात्पर्य: जी चूक कबूल करून निस्तरायला तीन दिवस पुरतात, ती झाकायला अख्खं गाव पुरत नाही.