धोंडाईचा उतार

कोंढरी आणि वावळ या दोन गावांच्या मधून बोरणा नदी वाहते. एके ठिकाणी काळ्या कातळाची पट्टी या काठापासून त्या काठापर्यंत पाण्याखालून गेली आहे. तिथे पाणी गुडघाभरच. नदी पायी ओलांडता येते अशा जागेला उतार म्हणतात. हा धोंडाईचा उतार. कोंढरीच्या काठावरच्या देवळाची झाडलोट पाहणारे गणूतात्या भोई आल्यागेल्याला तिथेच बसवतात आणि म्हणतात, की हे नाव नुसत्या पाण्यावरून पडलेले नाही. दुखणाइताचा ताप कमी होऊ लागला की उतार पडला असे आपण म्हणतोच. इथे ते दोन्ही अर्थ एकाच दिवशी एक झाले.

असे सांगतात, की फार पूर्वी वावळात तापाची साथ आली. घरोघर माणसे अंथरुणाला खिळली. कोंढरीचे बाळोजी पाटील माणूस वाईट नव्हते, पण त्यांना आपले गाव राखायचे होते. त्यांनी होड्या काठावर ओढून घेतल्या आणि दवंडी पिटवली, की जो पलीकडे जाईल त्याने परत येऊ नये.

कोंढरीत धोंडाई नावाची भोईण होती. नवरा मागेच वारलेला. एकुलती एक लेक येसू वावळात दिलेली, आणि तीही तापात पडलेली. दवंडी ऐकून धोंडाई पाटलांकडे गेली.

‘‘ताप उतरला हे आपल्याला कळणार कसं?’’ तिने विचारले.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला धोंडाई काठावर उभी राहिली आणि तिने हाक दिली, ‘‘येसूला उतार आहे का?’’

पलीकडून जावई हैबतीचा आवाज आला, ‘‘नाही.’’

ती रोज जाऊ लागली. बरेच दिवस नाहीच ऐकू येई. मग एका संध्याकाळी हैबती म्हणाला, ‘‘थोडा आहे.’’ दुसऱ्या दिवशीही तेच. धोंडाईच्या जिवात जीव आला. बरी होऊन उठली की लेकीला भूक लागेल म्हणून ती तांदूळ कांडून ठेवू लागली, तिने जुन्या लुगड्यांची मऊ गोधडी शिवायला घेतली.

आणि मग एका संध्याकाळी पलीकडून काहीच उत्तर आले नाही.

सकाळी ती तांदळाचे गाठोडे डोक्यावर घेऊन पाण्याकडे निघाली. पाटील आडवे आले.

‘‘गेलीस तर परत घेता येणार नाही, धोंडाई.’’

‘‘ठाऊक आहे. माझ्यामागं हाक तेवढी देत जा.’’

पाटील बाजूला सरले. धोंडाई कातळावरून चालत गेली.

येसूच्या घरात हैबती एकटा तापात पडला होता. ‘‘मामी, येसू गेली,’’ तो म्हणाला. ‘‘थोडा आहे असं मी पहिल्यांदा सांगितलं, त्याच दिवशी.’’

‘‘मग खोटं का बोललास?’’

‘‘खरं सांगितलं असतं तर तुमची हाक थांबली असती. हाक आली की आळीतली माणसं उठून बसतात. पलीकडं अजून कुणी आपल्याला विचारतंय, एवढंच त्यांना कळतं.’’

धोंडाई उंबऱ्यावर बसून राहिली. तिला त्याचा राग आला, गोधडीच्या एकेका टाक्याची आठवण झाली, आणि रडू मात्र येईना. तेवढ्यात शेजारच्या घरातून कुणी पोर पाणी मागत असल्याचे तिने ऐकले. ती उठली. कांडलेल्या तांदळाची पेज तिने त्या पोराला पाजली, मग हैबतीला, मग पुढच्या घरात गेली.

संध्याकाळी सगळी आळी कान देऊन होती. कोंढरीतून हाक आली नाही. आणखी काही संध्याकाळी तशाच गेल्या. मग एकदा घोगरा, अडखळणारा आवाज आला. बाळोजी पाटील होते.

‘‘धोंडाई, उतार आहे का?’’

थोडा आहे, हे शब्द तिच्या ओठांवर आले म्हणे. ते तिने गिळले.

‘‘नाही,’’ ती म्हणाली. ‘‘आज दोघं गेली. पण उद्या विचारा.’’

‘‘विचारतो,’’ पाटील म्हणाले, आणि खरोखर रोज विचारत राहिले. थंडी सुरू झाली तेव्हा कुठे एके दिवशी पलीकडून ‘‘आहे’’ असे उत्तर आले. पाटलांनी वहाणा काठावर काढल्या आणि होडीची वाट न पाहता ते त्या कातळावरून पाण्यातून वावळात गेले. मागोमाग गाव गेले. धोंडाई मात्र परतली नाही. हैबतीच्याच घरी ती राहिली, असे सांगतात.

आता खालच्या अंगाला पूल झाला आहे, ज्याच्या त्याच्या हातात फोन आहे. औषधाला माणसे तालुक्याच्या दवाखान्यातच जातात. पण आजही या काठी कुणी आजारी असले की त्या काठचे कुणीतरी तिन्हीसांजेला कातळावर येऊन विचारते. उत्तर आहे किंवा नाही, एवढेच द्यायचे. थोडा म्हणायचे नाही.

हाकेने बरे वाटते का, असे पाहुणे विचारतात.

‘‘गेल्या वर्षी आमची मंडळी अंथरुणाला होती,’’ तात्या म्हणतात. ‘‘घरात मुलांसमोर मी धड बोलत नव्हतो, जेवत नव्हतो. वावळच्या शाळेत नव्यानं आलेल्या बाईंनी हाक दिली. मी म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, उद्या विचारते. मग घरी जाऊन मी जेवलो.’’