मानाचा दिवा

मिरजेच्या भास्करराव टेंब्यांना मोठेपणाची फार हौस. नव्या घरात त्यांनी मानाप्रमाणे वॅट वाटून दिले: स्वतःच्या बैठकीला शंभराचा पिवळा बल्ब, देवघराला चाळिसाचा आणि स्वयंपाकघराला झिरोचा. देवालाही त्यांनी आपल्या खालीच बसवले.

सून कौमुदीला त्या अंधुक उजेडात तांदळातले खडे दिसेनात. पाहुण्यांना चहा देताना ती म्हणाली, “मामंजी, स्वयंपाकघराला चौदा वॅटचा एलईडी आणू या. पुष्कळ वर्षे टिकतो.”

“चौदा?” भास्करराव गरजले. “माझ्या शंभरापुढे तो काय उजेड पाडणार?”

“तेवढाच पाडतो, मामंजी. वॅट म्हणजे दिवा किती खातो, ते. नुसत्या खाण्यावर मान द्यायचा, तर बैठकीत बल्ब कशाला? रेडाच बांधू या.”

पाहुण्यांच्या हातातले कप हिंदकळले. भास्करराव तसेच उठून दुकानात गेले आणि घरभर पुरतील इतके एलईडी घेऊन आले. बैठकीसाठी त्यांनी सर्वांत कमी वॅटचा निवडला होता.

“आमच्या घरात सर्वांत कमी खाणारा दिवा माझा!” असे ते आता आल्यागेल्याला ऐकवतात.

माणसाचा अहंकार एका दिवसात जात नाही. स्वयंपाकघरातला अंधार मात्र ईश्वरकृपेने गेला.