पाळण्यातलं तिसरं नाव

माडबंदरच्या खाडीच्या तोंडाशी एक काळा कातळ उभा आहे. दोर घासून पडावी तशी खोल खाच त्याला आहे. पाहुण्यांना तिथे नेलं, की म्हातारे हिराजी नाखवा आधी कातळाला हात जोडतात आणि मग दम भरतात, "फोटो मागाहून काढा. आधी ऐका!"

फार जुनी गोष्ट, म्हणे. स्पेन देशाचं एक गलबत बाहेरच्या खडकांवर फुटलं. एकच खलाशी जिवंत किनाऱ्याला लागला. चांगुणा कोळणीने त्याला पेज पाजून जगवलं. दर्याने दिलेल्या माणसाला नाव विचारायचं नाही, त्याने आपण होऊन सांगावं, ही इथली रीत. हा बाबा काही केल्या सांगेना! भाषा शिकला, जाळी विणू लागला, पण नावाचा विषय निघाला की उठून जाई. गाव आपलं त्याला 'पाव्हणा' म्हणे.

पुढे चांगुणाला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी सकाळीच वारा फिरला. तिचा नवरा पोशा आणि दीर मासळी घेऊन परतत होते, त्यांची होडी त्याच खडकांवर आपटली. दोघे खडकाला धरून राहिले. लाटांत उतरायला कोणी धजेना. इकडे पाळणा सजलेला, आणि चांगुणा बाळाला घेऊन किनाऱ्यावर उभी.

असे सांगतात, की पाव्हण्याने दोराचं एक टोक या कातळाला बांधलं, दुसरं आपल्या कमरेला, आणि उडी घेतली. दोन खेपांत दोघांनाही घेऊन आला.

संध्याकाळी चांगुणा म्हणाली, "दादा, पोराचं नाव तूच ठेव."

तो रडू लागला. "माझं नाव साल्वादोर. आमच्यात त्याचा अर्थ तारणारा. आईने हौसेनं ठेवलं होतं. पण गलबत फुटलं तेव्हा सोबती हाका मारत होते, आणि मी एकटाच पोहत आलो. कोणत्या तोंडानं सांगू?"

"आता सांग," चांगुणा म्हणाली. "दर्याला ऐकू जाईल असं सांग."

बाळाचं नाव अखेर आत्यानेच ठेवलं. "ती बरी आपला मान सोडेल!" हिराजी नाखवा इथे हमखास हसतात.

आजही माडबंदरात मुलाचं बारसं असलं, की होडीच्या दोराचा एक धागा बाळाच्या कमरेला बांधतात. मग पाळण्याच्या खालून-वरून बाळ देता-घेता बायका म्हणतात, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या, कुणी साल्वादोर घ्या."