ठकूआक्काची बुर्जी

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही जी नुसती ऐकलेली होती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट आहे. तेव्हा निरगुडखेडच्या टेकडीवर गढी शाबूत होती आणि गढीत सर्जेराव नावाचे धनी राहत होते. आता तिथे निवडुंग आहे, पडकी भिंत आहे आणि एक भुयार आहे, बाकी काही नाही.

गावात ठकू नावाची बाई होती. आईबाप लवकर गेलेले, नवराही लग्नानंतर तापाने गेला. मागे उरला एकुलता एक धाकटा भाऊ, राणू. त्याला तिनेच कडेवर खेळवला, भरवला, मोठा केला. राणू गढीवर घोडे सांभाळायच्या कामाला लागला. एक दिवस तो पाणी आणायला गेला असताना धन्यांचा लाडका घोडा दावं तोडून उधळला आणि कड्यावरून पडून मेला. सर्जेरावांनी ना काही विचारलं, ना ऐकून घेतलं. राणूला भुयारात टाकला आणि सांगितलं, "माझी मर्जी होईल तेव्हा बाहेर काढीन." ती कधी होणार, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

सर्जेरावांना एकच वेड होतं, बुद्धिबळाचं. दर दसऱ्याला सोनं वाटून झालं की ते गढीच्या चौकात पट मांडून बसत. कुणीही यावं आणि खेळावं. जो मात करील त्याने हवं ते मागून घ्यावं, हरेल त्याने मुकाट घरी जावं, आणि बुर्जी झाली तर नारळ घ्यावा. बुर्जी म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगायलाच हवं. त्या काळच्या खेळात समोरच्याच्या सगळ्या सोंगट्या मारल्या आणि त्याचा राजा एकटा उरला, की डाव तिथेच थांबायचा. ना हार, ना जीत. जिंकायचं असेल तर समोरच्याची निदान एक सोंगटी जिवंत ठेवून राजाला कोंडावं लागे.

ठकूला घोडा कसा चालतो तेही ठाऊक नव्हतं. तरी पुढच्याच दसऱ्याला ती चौकात जाऊन पटासमोर बसली. लोक हसले. सर्जेराव हसले नाहीत, त्यांनी अदबीने विचारलं, "ठकूबाई, काळी घेणार की पांढरी?" लोकांचं हसू ओसरायच्या आत तिचा राजा कोंडला गेला. उठून निघाली तेव्हा भुयाराच्या जाळीतून हाक आली, "आक्का, आलीस?"

"आले रे," ती म्हणाली. दुसरं काय बोलणार?

देवळात पुराण सांगणारे अंताजीपंत बुद्धिबळात मुरलेले होते. ठकूने त्यांचे पाय धरले. पंतांनी तिला सोंगट्यांच्या चाली शिकवल्या आणि तिचा खेळ बघून म्हणाले, "तू नुसती सोंगट्या हलवतेस. आपल्याला जायचंय कुठे, ते आधी ठरव. त्याचा राजा कुठे बसलाय? आपली कुठली सोंगटी कोपऱ्यात कुजतेय? ते बघ, मग हात उचल." ठकूने अंगणातल्या फरशीवर कोळशाने घरं आखली. एका बाजूला चिंचोके, दुसऱ्या बाजूला खडे. दळण झालं की ती पटाशी, भाकरी थापून झाली की पटाशी. बायका टोमणे मारायच्या, "ठकू, जेवायला आज कोण गं, राजा की वजीर?" ती पुढचा चिंचोका सरकवायची. तिच्या बोटाच्या घासण्याने त्या फरशीत चर पडले, असं म्हणतात.

त्या दसऱ्याला ती दुपारपर्यंत टिकली आणि मग हरली.

मग पंतांनी तिला मारामारी शिकवली. एका घोड्याने दोघांवर कशी चाल करायची, शह देता देता मागची सोंगटी कशी उघडी पाडायची. "ज्या सोंगटीला मागून कुणाचा जोर नाही ती बिनजोर," पंत म्हणाले. "बिनजोर दिसली की मारायची. विचार करू नकोस, हाताला सवय लाव." ठकूने हाताला सवय लावली. इतकी, की ओढ्यावर कपडे धूत असताना एकटी पडलेली मासोळी दिसली तरी तिचा हात आपसूक पुढे जायचा आणि मासोळी हातात यायची, असं म्हणतात. गावातला एकेक खेळाडू तिने लोळवला. शेवटी पंतही हरले आणि लहान पोरासारखे खूश झाले.

सर्जेराव मात्र हरले नाहीत. पट भरलेला असताना ठकू त्यांच्या बरोबरीने खेळायची आणि पट रिकामा होत आला की बुडायची. दसऱ्यामागून दसरे गेले. भुयारातली हाक बारीक होत गेली, मग नुसता खोकला येऊ लागला. घरी येऊन ठकू चुलीपुढे बसून राही आणि तिला वाटे, आपण भावाला सोडवायला नाही, त्याचं मरण बघायला जातो.

"आता शेवट शीक," पंत म्हणाले. ते तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांनी तिला पटावर मोजक्याच सोंगट्या मांडायला लावल्या. एक राजा, दोन हत्ती, आणि समोर एक राजा, एक प्यादं. "या प्याद्याला मारायचं नाही, ठकू. त्याच्या पुढ्यात आपला राजा उभा कर, म्हणजे ते अडून राहील. हत्तींनी त्याच्या राजाला कडेला रेट. प्यादं जगलं तरच मात आहे." तो शेवट ठकूने पुन्हा पुन्हा घोटला. डोळे मिटून खेळली, दळताना मनात खेळली. पंत गेले त्या दिवशीही, सुतकातल्या माणसांना पाणी भरून देऊन आली आणि खेळायला बसली.

मग तो दसरा आला. असं म्हणतात की त्या दिवशी गढीवरच्या पारव्यांनीही घुमायचं थांबवलं होतं. ठकूने सर्जेरावांचा वजीर घेतला, घोडे घेतले, उंट घेतले. दुपार कलली तेव्हा त्यांच्याकडे उरला राजा आणि एक प्यादं. ठकूचा राजा त्या प्याद्याच्या पुढ्यात उभा, आणि दोन हत्ती मोकळे. घोटून घोटून पाठ झालेला शेवट तिच्यासमोर होता. सर्जेरावांनी कपाळाचा घाम पुसला. हरणार हे त्यांना कळलं होतं. माणूस कठोर असला तरी दिलेला शब्द मोडणारा नव्हता. त्यांनी हुकूम सोडला, "राणूला वर आणा."

दोघांनी धरून राणूला आणला. ठकूने मान वर केली आणि तिचं काळीज फाटलं. तिने वाढवलेला दांडगा पोरगा कुठेच नव्हता. उजेडाने डोळे मिटलेला, पांढऱ्या दाढीचा एक सापळा उभा होता. त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो मटकन खाली बसला. ठकूचे डोळे त्याच्याकडे आणि हात पटाकडे. समोर एक सोंगटी बिनजोर उभी होती. इतकी वर्षं शिकवलेला हात विचार न करता गेला. हत्तीने प्यादं मारलं.

चौकातली माणसं उठून उभी राहिली.

राणूला खेळातलं काही कळत नव्हतं. त्याने किलकिल्या डोळ्यांनी पट बघितला आणि त्याचा चेहरा फुलला. "आक्का, जितलीस न्हवं? समोर तर कायबी ऱ्हायलं न्हाई. आता घरला जायाचं?"

ठकूने मारलेलं प्यादं मुठीत घट्ट धरलं.

"बुर्जी, ठकूबाई," सर्जेराव हळूच म्हणाले आणि त्यांनी तिच्या ओटीत नारळ घातला. राणूला परत खाली नेला. तो जाताना वळून वळून विचारत होता, काय झालं, आक्का, काय झालं.

पौषातल्या थंडीत राणू गेला. गढीचा माणूस त्याची घोंगडी ठकूच्या दारात टाकून गेला. तिने घोंगडी उचलून आत नेली आणि दार लावून घेतलं. गावाला वाटलं, आता ही पटाचं नाव काढणार नाही.

पण दसऱ्याला ती आली. खेळली, आणि साध्या प्याद्याने सर्जेरावांवर मात केली. प्यादेमात ही सगळ्यात मानाची. कुणी टाळी वाजवली नाही. सर्जेराव म्हणाले, "मागा."

"गेल्या सालचा डाव परत मांडा."

सर्जेरावांना घर न् घर आठवत होतं. त्यांनी राजा ठेवला, प्यादं ठेवलं. ठकूने हत्ती उचलला, प्याद्याला बगल दिली आणि काही खेळ्यांत त्यांचा राजा कडेला कोंडला. प्यादं जागच्या जागी उभं होतं.

"झाली मात," ती म्हणाली. "आता त्याला बोलवा."

असं म्हणतात की ज्याने कधी कुणापुढे मान लववली नव्हती, तो सर्जेराव उठला, भुयाराच्या तोंडाशी गेला, गुडघे टेकून बसला आणि त्याने हाक मारली, "राणू." आतून काही आलं नाही. त्याने परत हाक मारली. दिवस मावळेपर्यंत तो हाका मारत होता, आणि त्या दिवसानंतर त्याच्या गळ्यातून पुन्हा आवाज निघाला नाही. ठकू पटासमोर बसलेलीच होती. मावळतीला बायका तिला उठवायला गेल्या, तर अंग थंड. लोक पटावरचं प्यादं उचलायला गेले, तर ते हलेना. बैल जुंपले, दोर तुटला, प्यादं तसूभर सरकलं नाही, असं म्हणतात. पुढे गढी ओस पडली आणि पडक्या भिंतींनी पट गाडून टाकला.

आजही दसऱ्याला सोनं वाटून झालं की निरगुडखेडची माणसं पट घेऊन टेकडीवर जातात. ठकूआक्काच्या नावाने डाव मांडतात, अजूनही जुन्याच रीतीने. जो मात करतो त्याला हार नाही, गुलाल नाही. तो उठतो, भुयाराच्या तोंडाशी जातो, वाकून आत हाक मारतो, "राणू, चल, घरी जाऊ." मग कान देऊन थोडा वेळ उभा राहतो. बाकीचे खेळ थांबवतात, बाया पोरांना गप्प करतात. आतून आजवर काही आलेलं नाही. तो माघारी येतो, आणि दुसरे दोघे पटाशी बसतात.